ट्यूबच्या डोक्यावरचा पत्रा

फिशटँकचा छंद असलेल्या माणसाशी इथे जर्मनीत दिव्यांबद्दल बोलायला लागलं की गाडी लगेच वॅटवर येते. ट्यूबा किती वॅटच्या? किती लिटरला किती वॅट? ट्यूबच्या वर जो पत्रा असतो, म्हणजे रिफ्लेक्टर, त्याची चौकशी सगळ्यात शेवटी. आणि झालीच तर प्रश्न एकच, चकचकीत आहे ना? माझं मत विचाराल तर हा सगळा क्रम उलटा आहे. आधी पत्रा, मग वॅट. आणि पत्र्यात आधी आकार, मग चकाकी.

कारण अगदी साधं आहे. ट्यूब चहूबाजूंनी प्रकाश फेकते. मासे आणि पाणवनस्पती मात्र फक्त खालीच असतात. वरचं झाकण काळं असेल तर जवळजवळ निम्मा प्रकाश ते झाकण तापवण्यात जातो. विजेचं बिल अर्थातच पूर्ण ट्यूबचं!

आता चकाकीचं बघू. पॉलिश केलेल्या साध्या ॲल्युमिनियमवरून सुमारे ८५ टक्के प्रकाश परत येतो. चांगल्या पांढऱ्या रंगावरूनही जवळपास तेवढाच येतो, फक्त तो विखुरतो. खास थर चढवलेलं महागडं ॲल्युमिनियम ९५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे आरशासारख्या पत्र्याला जास्त पैसे मोजून हाती काय लागतं, तर दहाएक टक्के.

खरी गंमत आकारात आहे. सपाट पत्रा ट्यूबच्या पाठीला चिकटून बसवला तर वर गेलेला बराचसा प्रकाश परत ट्यूबवरच आपटतो. त्यातला काही तिथेच मुरतो. शाळेत चित्रकलेच्या वहीत डोंगरांवर उडणारे पक्षी काढायचो ना आपण, दोन पंख आणि मध्ये खाली आलेलं टोक? चांगला रिफ्लेक्टर बाजूने तसा दिसतो. टोकाच्या बरोबर खाली ट्यूब. वर जाणारा प्रकाश टोकामुळे दोन्हीकडे वळतो आणि पंखांवरून ट्यूबला चुकवून खाली येतो. यासाठी प्रत्येक ट्यूबला स्वतंत्र रिफ्लेक्टर हवा आणि त्याला पंख पसरायला जागा हवी. टी-८ ट्यूब २६ मिलिमीटर जाड, टी-५ फक्त १६. त्यामुळे तेवढ्याच रुंदीत टी-५चा रिफ्लेक्टर जास्त चांगलं काम करतो. मात्र टी-५ सर्वात जास्त उजेड देते ती भोवतालची हवा ३५ अंशांच्या आसपास असताना. त्यापेक्षा जास्त कोंडलीत तर उजेड उतरतो, म्हणून झाकणात हवा खेळती ठेवा.

प्रकाश अगदी सरळ खाली पाडायचाही अट्टहास नको. उभ्या रेषेपासून साधारण ६० अंशांच्या आत जो किरण पाण्यात शिरतो, तो बाजूच्या काचेवर आपटला तरी बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होऊन पाण्यातच राहतो. काच स्वच्छ ठेवलीत तर टाकीच्या भिंती हाच फुकटचा रिफ्लेक्टर!

आपल्याकडे घरी बनवलेल्या झाकणात पोळ्या गुंडाळायचं फॉइल चिकटवतात, ते मात्र कृपया नको. फॉइल वीजवाहक असतं. वाफेने सुटून होल्डरवर लोंबलं तर खाली पाणी आहे आणि पाण्यात तुमचा हात. त्यापेक्षा पांढरा ऑइलपेंट शतपटीने बरा.

रिफ्लेक्टर बसवल्यावर मोबाइलच्या लक्समीटरने आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघा. टाकी रिकामी असेल तेव्हा, तळाशी मध्ये आणि कोपऱ्यांतही. आकडा तंतोतंत नसेल, पण तुलनेला पुरतो. आणि उजेड खूप वाढला तर खूश होऊन स्वस्थ बसू नका, कारण त्यावर पहिला ताव शेवाळ मारतं. एक ट्यूब काढून टाका. माझ्या मते रिफ्लेक्टरचा खरा फायदा हाच आहे.

"आता एलईडीच्या जमान्यात हे कशाला?" असं कोणी म्हणेल. नवीन दिवा घेणार असाल तर खुशाल एलईडी घ्या, तिचा प्रकाश मुळात एकाच बाजूला पडतो. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून नेहमीच्या वापराच्या टी-५ आणि टी-८ ट्यूबा नव्याने बाजारात आणायला बंदी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हाला मिनामाता कराराच्या देशांनी अशा ट्यूबा २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं, आणि त्या करारात भारतही आहे. कारण ट्यूबमधला पारा. पण म्हणूनच घरात चालू असलेली ट्यूब आजच कचऱ्यात टाकण्यात काय शहाणपण? आहे त्या दोन ट्यूबांचं काम एका ट्यूबवर भागवा, दुसरी जपून ठेवा. तेवढाच पारा कमी विकत घ्याल.

तेव्हा दुकानात "अजून एक ट्यूब वाढवा साहेब" असा सल्ला मिळाला, तर झाकण उलटं करून आधी पत्रा बघा.