उजेड सुधारा, चेहरा नको



बीबी का मकबरा पाहायला गेलात की तुम्ही मित्राचा फोटो काढताच. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. म्हणून सकाळची किंवा संध्याकाळची वेळ निवडा. मागे पांढराशुभ्र मकबरा असला की कॅमेरा फसतो. तो सारे चित्र गडद करतो आणि चेहरा आहे त्यापेक्षा काळा दिसतो. असा फोटो मोबाइलवर थोडा उजळ करणे योग्यच आहे. त्यामुळे कॅमेऱ्याची चूक दुरुस्त होते.

पण मित्राला गोरा करणे ही दुरुस्ती नव्हे. त्याच्या रंगात चूक ती कोणती? आपल्याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १ मध्ये सुमारे १५०० वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी सावळ्या व्यक्तीही तितक्याच प्रेमाने रंगवल्या आहेत. गोरा केलेला फोटो मित्राच्या हाती देणे म्हणजे ‘तू आहेस तसा चांगला दिसत नाहीस’ असे त्याला सांगणेच होय. असे बोलणे कोणाला आवडेल?

म्हणून उजेड जरूर सुधारा, पण चेहरा बदलू नका. आणि फोटो इतरांना दाखवण्यापूर्वी मित्राची परवानगी घ्या.