करंट एकच, कामे तीन

आपल्याकडे फिजिओथेरपीहून परतलेला माणूस एकच शब्द सांगतो, ‘करंट दिला’. पण गुडघेदुखीच्या मावशींना दिलेला आणि अर्धांगवायूच्या काकांना दिलेला करंट सारखा नसतो. ठोका किती लांबीचा, किती जोराचा आणि सेकंदाला किती, यावर सारे अवलंबून.

बोलोन्याच्या गॅल्व्हानींनी बेडकाच्या पायांवरचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून या विषयाचा अभ्यास चालू आहे. मज्जातंतूला एका मिलिसेकंदाहून लहान ठोकाही पुरतो. वेदनेसाठीच्या ‘टेन्स’ यंत्रात असे ठोके बहुधा सेकंदाला ८० ते १०० असतात. मुंग्या येतात, स्नायू हलत नाही. मेलझॅक आणि वॉल यांच्या १९६५ च्या सिद्धान्तानुसार स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूतले दार वेदनेपुढे ओढून घेते. ठेच लागली की आपण बोट चोळतो, ते त्याचसाठी.

स्नायू हलवायचा तर जोर वाढवावा लागतो. सेकंदाला एकदोन ठोक्यांनी तो नुसता उडतो, २० ते ५० ठोक्यांनी सलग आकसतो. आपण स्वतः हात उचलतो तेव्हा मज्जासंस्था स्नायूतल्या तुकड्यांना आळीपाळीने कामाला लावते. यंत्र मात्र त्याच तुकड्यांना एकदम आणि पुन्हा पुन्हा जुंपते. म्हणून स्नायू लवकर थकतो, मधे विश्रांती द्यावी लागते.

खरी मेख पुढेच आहे. पायाचा पंजा अर्धांगवायूत लोंबतो आणि अपघातात मज्जातंतू तुटला तरी लोंबतो. पहिल्यात बिघाड मेंदूत असतो, पायातला तंतू शाबूत असतो, म्हणून लहान ठोका चालतो. दुसऱ्यात तंतूच नसल्याने स्नायूला तो ठोका कळत नाही. कितीतरी पट लांब ठोका लागतो. तुटलेला तंतू शिवायचा तर तेही वेळेत व्हावे लागते. अशा वेळी शेजारचे दुखण्याचे यंत्र आणून लावले, तर घरच्यांना उपचार चालू आहेत असे वाटते आणि स्नायू मात्र झिजत जातो.

तेव्हा आपला आजार नेमका कुठला, तंतू शाबूत आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हृदयात पेसमेकर असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय यंत्र लावूच नका. शेजारधर्म म्हणून साखर-पीठ जरूर उसने द्यावे. करंट मात्र उसना देऊ नये, घेऊही नये.