वरातीचा घोडा आणि विश्रांतीची किंमत

लग्नसराईत ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रस्त्यांवर वरातीचा सजविलेला घोडा दिसतो. त्याच्या झुलीकडे सर्वांचे लक्ष जाते, पायांकडे क्वचितच. वस्तुतः गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला मांसल आवरण जवळजवळ नसतेच. कातडी, कंडरा आणि हाडे एवढेच. त्यामुळे चरताना गंजकी तार किंवा फुटकी काच लागून, अथवा पिछाडीचा दोर घासून झालेली किरकोळ जखमही चिघळते व लवकर भरून येत नाही.

उपाय साधे आहेत. चरण्याची जागा आधी साफ करावी, पायांना संरक्षक पट्टे बांधावेत आणि ते रोज सोडून पाय धुऊन तपासावेत. मात्र जखम झाल्यावर हवी असते ती विश्रांती, आणि तिच्या प्रत्येक दिवशी मालकाची रोजी बुडते. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दंड आहे फार तर ५० रुपये! त्याचा धाक कोणाला वाटणार? त्यापेक्षा महापालिकांनी प्रत्येक वरातीमागे अल्प शुल्क घेऊन निधी उभारावा आणि पशुवैद्याच्या दाखल्यावर मालकास विश्रांतिभत्ता द्यावा. ज्याच्या पाठीवर आपण मिरवतो, त्याच्या पायांचा खर्चही आपणच उचलला पाहिजे.