आजी गेली, हे आम्हांला त्याच दिवशी सांगा

आम्ही मराठी वर्गाच्या मोठ्या गटातली मुले. "आवडलेल्या पुस्तकाबद्दल तुमचे मत लिहा," असे बाईंनी सांगितले. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी इथल्या शाळेत पाचवीत 'ब्रिज टू टेराबिथिया' वाचले होते, म्हणून आम्ही मिळून त्याच्यावरच लिहायचे ठरवले. आमचे मत असे की हे पुस्तक आई-बाबांनीही वाचावे.

गोष्ट व्हर्जिनियातल्या एका खेड्यातली आहे. जेसला पाचवीत सगळ्यांत जोरात धावायचे असते, पण शेजारी नवीन आलेली लेस्ली सगळ्या मुलांना हरवते. मग दोघांची घट्ट मैत्री होते. ओढ्यावरच्या दोराला झोका घेऊन ती रानात जातात. तिथे त्यांचे टेराबिथिया नावाचे खोटे खोटे राज्य असते. एके दिवशी जेस संगीताच्या बाईंबरोबर वॉशिंग्टनला चित्रे बघायला जातो. लेस्लीलाही बोलावता आले असते, हे त्याला उशिरा सुचते. त्याच दिवशी लेस्ली एकटी रानात जायला निघते, दोर तुटतो आणि ती मरते.

लेखिका कॅथरीन पॅटरसन यांच्या मुलाची ८ वर्षांची मैत्रीण १९७४ साली अंगावर वीज पडून गेली. त्या दुःखातून त्यांनी हे पुस्तक लिहिले. ते १९७७ साली आले आणि १९७८ साली त्याला न्यूबेरी पदक मिळाले. तरीही मुलांना हे वाचायला देऊ नये, असे म्हणणारे पालक होतेच.

आम्हांला सगळ्यांत आवडल्या त्या मिसेस मायर्स. त्या कडक बाई, मुले त्यांना घाबरतात. पण त्या जेसला बाजूला घेऊन सांगतात की माझे यजमान गेले तेव्हा लोक मला रडू नको, विसरून जा असे म्हणत होते, पण मला विसरायचे नव्हते.

हे वाचून आम्हांला आपली घरे आठवली. आमच्यातल्या एकीची सांगलीची आजी गेली तेव्हा रात्री फोन आला. आई बाथरूममध्ये दार लावून रडली. मुलीला चार दिवसांनी सांगितले, कारण तिची परीक्षा होती. दुसऱ्याच्या धाकट्या भावाने "आजोबा गेले" हे ऐकून विचारले, "कुठे गेले? परत कधी येणार?" त्याला कोणी उत्तर दिले नाही.

तिकडे तेराव्यापर्यंत घरात माणसे येतात, आजीच्या आठवणी निघतात. इथे दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला आणि आम्ही शाळेत. आम्हांला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही गप्प राहता, हे कळते. पण घरात काहीतरी झाले आहे, हेही आम्हांला कळते. मग आपलेच काही चुकले, असे वाटत राहते. जेसलाही तसेच वाटले होते.

म्हणून आई-बाबांना आमची विनंती आहे. त्याच दिवशी सांगा. आमच्यासमोर रडलात तरी चालेल. आजी लहानपणी तुम्हांला कशी रागवायची, काय करून खायला घालायची, ते मराठीतच सांगा. आजीला आम्ही दोन-तीन वर्षांतून एकदाच भेटायचो. तिच्या बाकीच्या गोष्टी फक्त तुमच्याजवळ आहेत.

– मोठ्या गटातील विद्यार्थी