५ हजारांखालची चोरी: शिक्षा हलकी झाली, पण तपासाचं काय?

समजा, धामणगाव रेल्वे स्टेशनच्या फलाटावर तुमच्या खिशातून ४ हजारांचा मोबाइल गेला. आता समजा, तोच मोबाइल तुम्ही गाडीत चढल्यावर जनरल डब्यातून गेला. चोर तोच, फोन तोच, नुकसानही तेवढंच. पण कायद्याच्या नजरेत या दोन चोऱ्यांमध्ये खूप अंतर आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कलम ३७९ मध्ये वस्तूची किंमत बघितली जात नव्हती. साध्या चोरीलाही ३ वर्षांपर्यंत कैद होती आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र होता. नव्या कलम ३०३(२) ने वेगळी वाट काढली. वस्तू ५ हजारांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंग नाही, समाजसेवेची शिक्षा. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम, बिनपगारी. किती तास किंवा किती दिवस, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही.

हा बदल चांगलाच आहे. पहिल्यांदा चुकलेल्या १९ वर्षांच्या पोराला सराईतांच्या बराकीत टाकून कुणाचंच भलं होत नाही.

खरी गोम दुसरीकडे आहे. शिक्षा हलकी करताना गुन्ह्याचा वर्गही बदलला. ही छोटी चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. अदखलपात्र, म्हणजे आपण ज्याला ‘एनसी’ म्हणतो ते. पोलीस तक्रार नोंदवून घेतात, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. आता कोडं बघा. सवलत पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्यासाठी आहे, पण चोर पहिल्यांदाचा की सराईत, हे तपासाशिवाय कळणार कसं? आणि तपास तर सुरूच झालेला नाही.

डब्यातल्या चोरीचं मात्र उलटं आहे. प्रवासी किंवा मालवाहू वाहनातून वस्तू चोरली की कलम ३०५ लागतं. तिथे ५ हजारांची अट नाही, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. घरातल्या किंवा गोदामातल्या चोरीलाही हेच कलम.

वऱ्हाडात याचा अर्थ काय होतो? वावरात मळणी करून ठेवलेलं एक क्विंटल सोयाबीन चोरीला गेलं असं धरा. २०२४-२५ च्या हमीभावाने त्याची किंमत ४,८९२ रुपये, म्हणजे एनसी. २०२५-२६ च्या हमीभावाने ५,३२८, म्हणजे दखलपात्र. बाजारात भाव ५ हजारांच्या खाली असेल तर पुन्हा एनसी. कोणता भाव धरायचा, हे कलमात नाही. दोन वर्षं वापरलेल्या फोनची किंमत बिलाप्रमाणे की आजची, तेही नाही. आणि ५ हजार ही रक्कम सगळ्यांना सारखी नसते. रोजमजुरी करणाऱ्याचे त्यात कित्येक दिवस जातात.

किमतीच्या रेषेची ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१४ मध्ये ९५० डॉलरपर्यंतची चोरी किरकोळ गुन्ह्यात टाकली. १० वर्षांनी तिथल्याच मतदारांनी वारंवार चोरी करणाऱ्यांसाठी नियम पुन्हा कडक केला.

माझ्या मते शिक्षा हलकीच राहू द्यावी, पण गुन्हा दखलपात्र ठेवावा. दखलपात्र म्हणजे लगेच अटक, असंही नाही. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस अटक न करता नोटीस देऊन आरोपीला बोलावू शकतात. तपासही होईल आणि पोरगा कोठडीबाहेरही राहील.

तोपर्यंत एवढं लक्षात ठेवा. स्टेशनवरची चोरी असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा. वस्तू नेमकी कुठून गेली, फलाटावरून की डब्यातून, हे तक्रारीत स्पष्ट लिहायला सांगा. फोनचं बिल जोडा. एनसी झाली तरी तिची प्रत मागून घ्या. संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करायला ती लागते, आणि तपासाचा आदेश मागायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं असेल तर तिथेही.