इंग्रजीचें श्रवण

तर्खडकरांची भाषांतरपाठमाला घोकून ज्यांनीं इंग्रजी संपादन केलें, त्यांचीं वाक्यें निर्दोष असत. पण साहेबासमोर बोलण्याची वेळ आली कीं जीभ टाळ्यास चिकटे. भाषा डोळ्यांनीं शिकलेली, कानांनीं नव्हे! मराठी शाळेंतून एकदम इंग्रजी महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींची आजहि हीच अडचण आहे.

बी. बी. सी.ने १९४३ सालीं रेडिओवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. आतां त्याच संस्थेचे सहा मिनिटांचे संवाद, लिखित संहितेसह, इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. ते नुसते ऐकून मात्र फारसा लाभ नाहीं. मिनिटभराचा भाग घ्यावा, थांबवीत थांबवीत लिहून काढावा, मग संहितेशीं ताडून पाहावा. गळलेले शब्द बहुधा 'ए' आणि 'द' हेच निघतील. मराठींत तसलीं उपपदें नाहींत, आणि इंग्रज तीं इतकीं ओझरतीं उच्चारतो कीं आपल्या कानास तीं लागतच नाहींत.

नंतर तोच भाग मोठ्यानें म्हणावा. हें रोज पंधरा मिनिटें माजघरांत, सर्वांसमक्ष चालावें. मात्र खालचा ओठ दातांस टेकवून 'व्ही' आणि ओठांचा चंबू करून 'डब्ल्यू' म्हणतांना मुलीचें तोंड वेडेंवांकडें झालें, तर वडील मंडळींनीं हंसूं नये.