आजोबांच्या हाती पेन्सिल

बालमित्रांनो, दहावी जवळ आली की तुमची चित्रकलेची वही माळ्यावर जाते ना? मग ती खाली कधी येते?

सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (जन्म १८६८) स्वतः चित्रकार होते. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ साली निघालं. १९३८ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मूळपीठाच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. तिथली चित्रं आजही पाहता येतात. शिवाय रोजचे सूर्यनमस्कार होतेच!

याच औंध संस्थानातलं माडगुळे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथले व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) एवढे मोठे लेखक. पण माणसं, झाडं, पाखरं चार रेघांत टिपायचा त्यांना भारी नाद. चित्र काढायला वय लागत नाही, पेन्सिल पुरते!

आज आजी-आजोबांपुढे कोरा कागद ठेवा. ‘आता या वयात?’ म्हणतील. तुम्ही हटू नका. ‘मांजर काढा,’ म्हणा. कान लांब होऊन ससा झाला, तर झाला! इथं कुणाला नंबर काढायचाय?

आणि आईबाबा, तुम्हीही बसा शेजारी. खोडरबर मात्र कुणालाच द्यायचा नाही हं!